न मागणाऱ्याचं देणं

आमच्या कारखान्यात तिला सगळे चोखबाई म्हणत. हे नाव कोणी चेष्टेने ठेवलं नव्हतं, तिने ते कमावलं होतं. पगाराच्या दिवशी मशीन बंद झालं की ती पिशवी खांद्याला लावून सगळा कारखाना फिरायची. कागदाच्या घडीत नीट घातलेले पैसे, ठरलेल्या तारखेला, ज्याचे त्याच्या हातात. चार दिवस उशीर झाला असेल तर सोबत बिस्किटांचा पुडा. कारखान्यात फोम कापतो तो आमचा फोमवाला म्हणायचा, हिला उसने देणं म्हणजे या खिशातले पैसे त्या खिशात ठेवणं.

मला चिक्कू म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण माझे कान शाबूत आहेत. म्हणोत बापडे. मी कोणाकडे मागत नाही, कोणाला देत नाही, आणि कोणाच्या कागदावर सही करत नाही. एवढ्यावरून माणसं तुम्हाला चिक्कू म्हणणार असतील तर ते नाव फार स्वस्तात पडलं असं मी समजते.

आम्ही बसच्या आणि सिनेमागृहाच्या खुर्च्यांची कव्हरं शिवतो. तिचं मशीन माझ्या शेजारी. कव्हराच्या कडेने आत दोरी घालून जो गोट मारतात तो तिच्याकडे असायचा, कारण वळणावर गोट सुरकुतू न देणं भल्याभल्यांना जमत नाही. हात असा सरळ आणि बाई अशी भिडस्त की कोणी काही मागितलं तर आधी हो म्हणायची आणि मग कसं करायचं याचा विचार करायची. मला तिचा राग यायचा आणि तिच्याशिवाय डबाही खाववत नसे. असं असतं एकेकाचं.

आता गोष्ट काय झाली ते सांगते. मी दर महिन्याला कामगारांच्या पतपेढीत पैसे टाकायला जाते. खिडकीतला कारकून मला जरा वचकून असतो, कारण मी पासबुकावरचा आकडा दोनदा वाचल्याशिवाय हलत नाही. त्या दिवशी त्याने पासबुक परत दिलं, पण त्यावरचा हात काढला नाही. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला की तुमच्या शेजारणीला जरा समजवा. गेल्या दीड वर्षात तिने निम्मेसुद्धा हप्ते भरलेले नाहीत. पत्रं पाठवली, त्यांना उत्तर नाही. आणि आता मास्तरांचा निवृत्तीचा हिशोब त्याच्या टेबलावर यायची वेळ झाली होती.

मास्तर म्हणजे आमचे कटिंग मास्तर. लांबलचक टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरून, खडूने खुणा करून, एका दमात खुर्च्यांच्या पन्नास पाठी कापणारा माणूस. चोखबाईच्या नवऱ्याने माल पोचवायची गाडी घेतली तेव्हा कर्ज पतपेढीचं काढलं, आणि पेढीची सभासद ती असल्यामुळे ते तिच्या नावावर निघालं. जामीन राहिले मास्तर. पुढे नवऱ्याचं कंत्राट गेलं, गाडी पडेल भावात विकली, कर्ज मात्र जागेवर राहिलं. आधी हप्ता पगारातून परस्पर कापला जायचा. पगार नगावर झाला तेव्हापासून कपात बंद झाली आणि ज्याने त्याने आपापला हप्ता खिडकीत नेऊन भरायचा असं ठरलं. तिथेच सगळा घोळ झाला.

मास्तर वर्षअखेरीला निवृत्त होणार होते. राहायला कारखान्याची खोली, ती महिन्याभरात सोडायची. त्यांनी गावाबाहेर दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या, थोडे पैसे देऊन अडकवल्या होत्या, आणि बाकीचे निवृत्तीचे पैसे आले की द्यायचे होते. कर्ज थकलेलं असेल तर पेढी तेवढी रक्कम जामीनदाराच्या पैशांतून अडकवून ठेवते. म्हणजे दोन खोल्या गेल्या आणि दिलेले पैसेही गेले. मास्तरांना यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी पासबुकावरचा आकडा एकदाही न वाचता निघाले. कर्ज माझं नव्हतं, सही माझी नव्हती, तरी.

दुपारी डबे उघडल्याबरोबर मी तिला सांगून टाकलं. मला गोड बोलून विषयाकडे वळता येत नाही. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी दुसऱ्याच कोणाबद्दल बोलते आहे.

"मास्तरांचं देणं?" ती म्हणाली. "मास्तरांकडून मी कधी चहाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत."

"सही घेतलीस."

"सही म्हणजे काही पैसे नव्हेत ना, ताई."

हे ती बनवाबनवी म्हणून बोलत नव्हती. तिला खरोखरच तसं वाटत होतं. ज्याच्या हातातून नोटा आपल्या हातात आल्या, त्याचंच आपण देणं लागतो. बाकीचं सगळं कुठेतरी कागदावर. मी तिला मास्तरांच्या दोन खोल्या समजावून सांगितल्या. अर्ध्यावर आल्यावर तिने डब्याचं झाकण लावलं आणि त्या दिवशी तो पुन्हा उघडला नाही.

रविवारी मी तिच्या घरी गेले. कोणाच्या घरी जाऊन पैशांत नाक खुपसायची मला हौस नाही, पण तिच्यावर सोडलं असतं तर ती आणखी कोणाकडून तरी उसने घेऊन मोकळी झाली असती. नवऱ्याने चहा केला. माणूस चांगला, कामाला नाही म्हणणारा नव्हे, आता एका गोदामात मोजणीचं काम करतो. पण कुठल्याही प्रश्नाला त्याचं एकच उत्तर, "बघू." मी त्याला म्हटलं की आज आपण सगळे मिळून बघूच या. मी कारखान्यातून कापडाचे खाके काढायचा तपकिरी कागद आणला होता, तो टेबलावर पसरला. एका बाजूला येणं, दुसऱ्या बाजूला जाणं.

येणं दोन ओळींत संपलं. जाण्याला कागद पुरेना. भाडं, वीज, किराणा, मुलीच्या कॉलेजची फी हे मी सोडून दिलं, ते काही चुकत नाही. मग टीव्हीची दोन कनेक्शनं निघाली, कारण शेजारच्या मुलाने नवीन धंदा काढला होता आणि त्याला नाही कसं म्हणायचं. विम्याचा एक हप्ता निघाला, तोही कोणा मैत्रिणीच्या भावाला नाही म्हणवेना म्हणून. नवऱ्याच्या सिगारेटी त्याने आपणहून सांगितल्या, तेही निम्म्या, हे त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावरून कळलं. आणि मग एक रक्कम अशी राहिली की ती कुठे जाते हे दोघांनाही सांगता येईना. मीच खोदून खोदून काढलं. बिस्किटांचे पुडे, फळं, कोणाच्या मुलाला रंगपेटी, कोणाच्या आईला शाल. ज्याच्याकडून उसने घेतले त्याच्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, असा तिचा नियम होता. उशीर जितका जास्त, तितकी भेट मोठी. मी हिशोब मांडला तेव्हा दिसलं की ज्या पैशांना व्याज नाही म्हणून ती घेत होती, त्यांच्यावर ती पेढीच्या दुप्पट व्याज फळांच्या रूपाने भरत होती. मला हसू आलं आणि लगेच राग आला. तिचा नवरा कागदाकडे बघत म्हणाला, "हे मला माहीतच नव्हतं." पहिल्यांदाच तो बघू म्हणाला नाही.

मग कर्जांची बाजू. नणंद, शेजारीण, फोमवाला, कोपऱ्यावरचा दुकानदार, मुलीच्या मैत्रिणीची आई. फोमवाल्याचे वेळेवर द्यायचे म्हणून तिने मोबाइलवरून झटपट मिळणारं कर्ज काढलं होतं, आणि त्याचं व्याज बघून माझा पेन थांबला. त्यांची माणसं फोनवर वाटेल ते बोलायची, म्हणून त्यांना ती दर आठवड्याला थोडे थोडे देत होती, मुद्दल जिथल्या तिथे. याची टोपी त्याच्या डोक्यावर, असं सगळं चाललं होतं. ज्यांची तोंडं रोज दिसतात त्यांचे पैसे आधी, ज्यांचा आवाज ऐकू येतो त्यांचे त्यानंतर. पेढीला ना तोंड ना आवाज. पेढीची पत्रं आली की ती कपाटावर ठेवून द्यायची. मास्तर रोज समोर दिसायचे, पण ते कधी काही बोलले नाहीत, म्हणून ते तिच्या हिशोबातच नव्हते.

मी ओळी उलट्या लावल्या. मोबाइलवरचं कर्ज आधी संपवायचं, त्याच वेळी पेढीचा हप्ता आणि मागची थकबाकी. बाकीच्यांना एक वर्ष काही नाही.

"एक वर्ष?" ती म्हणाली. "नणंदेला कुठल्या तोंडाने सांगू?"

"ज्या तोंडाने मागितले होतेस, त्याच."

माझं बोलणं लागलं तिला. लागू दे म्हटलं. 

नणंदेकडे ती मला ओढून घेऊन गेली. मी येणार नव्हते. हे घरातलं बोलणं, त्यात परक्या बाईचं काय काम? पण दारापर्यंत म्हणता म्हणता आत जाऊन बसावं लागलं. नणंदेचं खेळण्यांचं छोटं दुकान, वर राहायची जागा, सोफ्यावर अजून प्लास्टिक. ती आमच्या पिशवीकडे बघत होती, काहीतरी निघेल म्हणून. काही निघालं नाही. चोखबाईने घरून पाठ करून आणलेलं वाक्य सांगितलं, अर्धंच.  मी मध्ये बोलले असते, पण हे तिनेच बोलायला हवं होतं.

"म्हणजे आमचे पैसे बुडाले म्हणायचे," नणंद म्हणाली.

"बुडाले नाहीत, वन्सं. थांबलेत. पुढच्या वर्षी या महिन्यापासून सुरू करते."

"बाहेरच्यांचे बरे वेळेवर देतेस. घरचे आम्ही, म्हणून आम्ही थांबायचं. बाहेर चोख म्हणतात ना तुला?"

चोखबाईचा हात पिशवीत गेला. मला ठाऊक होतं आत काय आहे. दुसऱ्या दिवशी पेढीत भरायचा हप्ता आत होता. तिला ते तोंड सहन होत नव्हतं. दोन नोटा काढून दिल्या की ते तोंड पुन्हा हसलं असतं, एवढंच तिला दिसत होतं. मी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला, चांगला जोरात. नणंदेने ते पाहिलं आणि मला विचारलं की तुम्ही यांच्या कोण. मी सांगितलं की मी शेजारच्या मशीनवर बसते. चहा विचारला नाही कोणी. खाली उतरताना चोखबाई जिन्यातच बसली आणि तिला उलटी झाली.

इतर सगळ्यांना तिने एकटीने सांगितलं. शेजारीण दार लवकर लावू लागली. दुकानदाराने सामान रोखीवर करून टाकलं, जे मी त्याच्या आधीच करायला सांगितलं होतं. फोमवाला हसत हसत म्हणाला की घाई नाही, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या कारखान्यात झालं की चोखबाई बुडाली. इतकी वर्षं वेळेवर दिलेले पैसे एका दुपारीत पुसले गेले. बायका तिच्याकडे बघून बोलणं थांबवायच्या. तिच्यापुढे खर्चाची गोष्ट काढायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं, कारण ती मागेल. ती आता कोणाकडेच मागत नव्हती, पण ते कोण ऐकतो?

ते महिने मला आठवले की अजून धडधडतं. सिनेमागृहाचं मोठं काम आलं होतं, नगावर पैसे, तेव्हा ती सुटीच्या दिवशीही बसायची. पगार झाला की ती पैसे चार पाकिटांत घालायची आणि पाकिटं माझ्यासमोर चिकटवायची, कारण उघड्या पाकिटातून तिचा हात कोणासाठी तरी काही काढेल अशी तिला स्वतःचीच भीती. मुलगी शेजारच्या लहान पोरांची गणितं घेऊ लागली. नवऱ्याने सिगारेट सोडली म्हणून सांगितलं, आणि त्याच्या कपड्यांना वास येत नव्हता, म्हणून मी विश्वास ठेवला. मोबाइलवरचं कर्ज आधी संपलं. त्या दिवशी तिचा फोन वाजला तरी ती दचकली. सवय जात नाही लगेच.

पण मास्तरांना सांगितलेलं नव्हतं. मी म्हणत होते की सांगायचंच कशाला, थकबाकी भरून टाकू आणि विषय मिटला. तिला ते पटतही होतं. मास्तर कापलेल्या पाठींचा गठ्ठा तिच्या टेबलावर आणून ठेवत, दोन शब्द बोलत, आपल्या दोन खोल्यांचं सांगत. एका खोलीला पूर्वेची खिडकी आहे, बायकोला तिथे कुंड्या ठेवायच्या आहेत. ती मान खाली घालून हो हो म्हणायची आणि ते गेले की सुईत दोरा ओवायला तिला चारचार प्रयत्न लागायचे. कारखान्यात सगळीकडे तिच्याच नावाचा बोभाटा, तो मास्तरांच्या कानावर आज जाईल की उद्या, या धास्तीने तिला जेवण जाईना. शेवटी एका संध्याकाळी मशीनं बंद झाल्यावर ती उठली आणि सरळ कटिंग टेबलाकडे गेली. मी उगाच गठ्ठे आवरायच्या निमित्ताने मागे गेले. मला वाटलं होतं की बोलताना ती पडेल.

पडली नाही. सगळं सांगितलं तिने. हप्ते, पत्रं, थकबाकी किती होती, आता किती उरली आहे, निवृत्तीच्या आत कशी भरणार आहे. मास्तर खडू हातात धरून ऐकत होते.  तिचं संपल्यावर त्यांनी विचारलं,

"नणंदेचे देत होतीस?"

"हो."

"या फोमवाल्याचे?"

"हो."

"आणि माझं राहिलं."

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत, मास्तर."

"विचारलं असतं तर?"

तिने वर बघितलं. खोटं बोलायची ती वेळ होती, कोणीही बोललं असतं. ती म्हणाली, "तर सगळ्यांच्या आधी तुमचं भरलं असतं."

मास्तरांनी खडू टेबलावर ठेवला, टोपी घातली आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून गठ्ठे त्यांनी स्वतः आणणं बंद केलं. फोमवाल्याच्या हाती पाठवायचे. रागावून आरडाओरडा केला असता तर आम्हाला सोपं गेलं असतं.

थकबाकी भरली. निवृत्तीला महिना होता तेव्हा शेवटची पावती मिळाली आणि आम्ही दोघी खिडकीसमोर उभ्या होतो. कारकुनाने शिक्का मारला आणि म्हणाला, छान झालं, आता फक्त दुसरा जामीन आणा. मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. त्याने नियम वाचून दाखवला. निवृत्त होणारा माणूस पेढीचा सभासद राहत नाही, आणि सभासद नसलेला माणूस जामीन राहू शकत नाही. कर्ज पूर्ण फेडा, नाहीतर नवीन सही आणा. दोन्ही नसेल तर उरलेली सगळी रक्कम मास्तरांच्या पैशांतून अडकणार. थकबाकी नव्हे, सगळीच्या सगळी. मी त्याच्यावर अशी ओरडले की मागची रांग गप्प झाली. आधी सांगायला काय झालं होतं? त्यावर तो म्हणाला की कोणी विचारलं नाही.

जामीन कारखान्यातलाच लागत होता. ती एकेकाकडे गेली. ज्यांनी तिला वर्षानुवर्षं डोळे झाकून पैसे दिले होते, त्यांच्याकडे. फोमवाला म्हणाला, पाहिजे तर हजार-दोन हजार घे, परत नाही दिलेस तरी चालतील, पण सही नको. दुसरीचा नवरा नको म्हणत होता. तिसरीने कागद घरी नेला आणि मग आठवडाभर ती आमच्या बाजूला फिरकली नाही. दिवस सरत होते, आणि मास्तरांनी खोलीतलं सामान बांधायला घेतल्याचं कानावर येत होतं.

मी मात्र माझं उत्तर तयार करून बसले होते. ती विचारणार, आज विचारणार, आणि मी म्हणणार की हे बघ, माझा नियम तुला ठाऊक आहे. आरशासमोर म्हणून बघितलं होतं. मी एकटी बाई, जे साठवलंय ते माझ्या म्हातारपणाचं. उद्या तिचा नवरा आजारी पडला, कारखाना बंद पडला, तर तिच्याकडून काय वसूल करणार आणि मी कोणाच्या दारात उभी राहणार? माझी बाजू बरोबर होती. ती आजही बरोबर आहे. पण तिने विचारलंच नाही. रोज शेजारी बसायची, गोट मारायची, डब्यातलं एखादं फळ माझ्यापुढे करायची, आणि सहीचं नाव नाही. शेवटी चार दिवस उरले तेव्हा माझाच धीर सुटला.

"सगळ्यांना विचारलंस. मला का नाही?"

"तुम्ही नाही म्हणाल म्हणून नाही," ती म्हणाली. "भिडेखातर हो म्हणाल, अशी भीती वाटली. तसलं हो काय करतं ते मी बघितलंय."

संध्याकाळी मी घरी जाऊन तो तपकिरी कागद काढला. त्यानंतरच्या प्रत्येक महिन्याचा असा एक कागद माझ्याकडे होता, कारण तिच्याकडे ठेवले तर ती त्यांत काहीतरी गुंडाळेल. किती येतं, किती जातं, किती उरतं. पुढचा हप्ता बसत होता. जेमतेम बसत होता, पण बसत होता. फोमवाल्याने आणि मास्तरांनी फक्त तिचा चेहरा बघून विश्वास टाकला होता. तिच्या घरात पीठ नि तेल किती लागतं ते फक्त मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी फॉर्म मागून घेतला आणि पेढीच्या खिडकीत, कारकुनासमोर, सही केली. पेन घामाने घसरत होता. कारकून माझ्याकडे बघत राहिला, तेव्हा मी त्याला त्याचं काम करायला सांगितलं.

मास्तरांचे पैसे वेळेवर सुटले. शेवटच्या दिवशी ते टेबलाटेबलापाशी जाऊन सगळ्यांचा निरोप घेत होते. चोखबाईच्या मशीनपाशी आले तेव्हा ती उभी राहिली. त्यांनी मान हलवली, तब्येतीला जप म्हणाले, आणि पुढे आले. तेवढंच. तिला ते पुरलं की नाही, मी विचारलं नाही. मग ते माझ्यापाशी थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"सही तू केलीस म्हणे."

"केली."

"मग एक कर. दर महिन्याला तिच्याकडे पावती माग. तोंडावर माग, लाजू नकोस. मी लाजलो."

ते गेल्यावर मी बराच वेळ बॉबिन भरत बसले, भरलेली असूनही.

पहिल्या महिन्यात मला जमेना. तारीख उलटून एक दिवस गेला, दोन गेले. रोज शेजारी बसणाऱ्या बाईला, जिचा किरकोळ खर्चसुद्धा मला पाठ आहे, तिला पावती दाखव म्हणायचं म्हणजे तुझ्यावर विश्वास नाही म्हणायचं, असंच मला वाटत होतं. जिने जन्मात कोणाची भीड ठेवली नाही ती मी, जीभ टाळ्याला चिकटून बसले होते. रात्री डोळा लागेना. तिसऱ्या दिवशी मशीनं चालू असताना, सगळ्या बायका ऐकत असताना, मी हात पुढे केला.

"पावती."

तिचा चेहरा लाल झाला. फोमवाला कात्री थांबवून बघत होता. तिने पिशवीत हात घातला, आतला कप्पा, बाहेरचा कप्पा, पुन्हा आतला, आणि माझा श्वास तेवढा वेळ वरच राहिला. मग घडी केलेली पावती माझ्या हातावर ठेवली. मी तारीख वाचली, आकडा वाचला, शिक्का उजेडाकडे धरून बघितला, आणि परत दिली.

"दोन दिवस झाले भरून," ती हळूच म्हणाली. "वाट बघत होते, तुम्ही कधी विचारताय."

अजून एकतीस हप्ते आहेत.